दगड लागायला आधी हसावं लागतं

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रात्री जेवण झाल्यावर फोन चाळत पडलो होतो. जालन्याच्या एका जुन्या वर्गमित्राने व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं होतं. ‘फँड्री’चा शेवट. जब्या दगड उचलतो, भिरकावतो आणि तो दगड थेट आपल्या दिशेने येतो. वीस-बावीस सेकंदांची क्लिप. मूळ आवाज काढून टाकलेला, त्याजागी ढोल आणि बेसचा दणका. दगड हातातून सुटताना स्लो मोशन. खाली आगीचे दोन इमोजी.

मी ती तीन वेळा पाहिली. अंगावर काटा आला. एकदम भारी वाटलं. आणि मग जरा वेळाने प्रश्न पडला की मला भारी का वाटतंय? हा दगड तर मला मारलेला होता.

हा लेख त्या प्रश्नातून आला आहे. सिनेमा आपला विचार घडवतो, बिघडवतो, बदलतो असं आपण सहज म्हणतो. पण तो हे नेमकं कसं करतो? संवादातून? कथेतून? शेवटी मिळणाऱ्या बोधातून? तसं असतं तर वीस सेकंदांची क्लिपही तेच काम करायला हवी, कारण त्या दगडाचा ‘बोध’ क्लिपमध्ये पुरेपूर आहे. तरी २०१४ साली थिएटरमध्ये त्या दगडाने मला खुर्चीत खिळवलं होतं आणि आता फोनवर त्याच दगडाने मला हिरो केलं. दगड तोच, फेकणारा हात तोच. मग मधे बदललं काय?

०

‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ ला प्रदर्शित झाला. व्हॅलेंटाइन डेच्या दिवशी. त्याआधी कित्येक दिवस टीव्हीवर अजय-अतुलचं विंचवाचं गाणं वाजत होतं. मी अकरावीत होतो. आम्हाला वाटलं शाळेतली लव्हस्टोरी आहे, काळी चिमणी आहे, गंमत आहे. ते गाणं सिनेमात नाहीच, हे आत बसल्यावर कळलं. नवीन जालन्यातून आम्ही चौघं सायकलींवर गेलो होतो. स्टेटस ठेवणारा मित्र त्या चौघांतला एक.

सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जब्या हा कैकाडी कुटुंबातला शाळकरी मुलगा. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्याला वर्गातली शालू आवडते. काळ्या चिमणीची राख अंगावर टाकली की मुलगी वश होते असं त्याला कळलेलं असतं, म्हणून तो रानोमाळ चिमणी शोधत हिंडतो. घरी बहिणीचं लग्न, हुंड्याची चिंता, बापाच्या मागे गावाने सांगितलेली कामं. गावात डुकरांचा त्रास झाला की ती पकडायची जबाबदारी याच कुटुंबाची. शेवटी सगळं कुटुंब शाळेच्या परिसरातच डुक्कर पकडायला उतरतं आणि शालूसकट अख्खी शाळा ते बघायला गोळा होते.

हा डुक्कर पकडण्याचा प्रसंग नागराज मंजुळेने खूप लांबवला आहे. पळापळ, पडापड, डुक्कर हातातून निसटणं, फास चुकणं. बाप चिडून जब्यावर ओरडतो, जब्या शालूला दिसू नये म्हणून आडोसा शोधतो. बघ्यांची गर्दी वाढत जाते. शेरे मारले जातात, मोबाईलवर फोटो काढले जातात. ऐन मोक्याच्या क्षणी शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, आणि जब्या व त्याच्या घरचे आहेत तिथे ताठ उभे राहतात. डुक्कर आरामात निघून जातं.

यावर आमचं थिएटर खदखदून हसलं. मीही हसलो. डुकराची चाल, बापाचं घसरणं, तो गोंधळ, हे सगळं विनोदी सिनेमातल्या पाठलागासारखंच मांडलेलं होतं आणि पाठलागाला हसायची सवय मला लहानपणापासून लागलेली होती. राष्ट्रगीताला तर टाळ्या पडल्या.

मग डुक्कर पकडलं जातं. काठीला उलटं टांगून नेतात. नेताना मागे शाळेची भिंत दिसते आणि भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले. हसणं विरायला लागतं. बघे मात्र थांबत नाहीत. ते मागे मागे येतात, चिडवत राहतात. जब्याचा बांध फुटतो, तो दगड उचलतो. पहिले दगड त्या पोरांवर. शेवटचा दगड कॅमेऱ्यावर. म्हणजे प्रेक्षकांवर. सिनेमा तिथेच संपतो.

मी गोठून बसलो. कारण तोपर्यंत गेली वीस मिनिटं मी नेमका कुठे उभा होतो हे मला एका झटक्यात दाखवलं गेलं होतं. मी बघ्यांमध्ये होतो. पडद्यावरची गर्दी ज्याला हसत होती त्यालाच मी हसत होतो. गर्दीतले लोक वाईट आहेत असं सिनेमाने मला सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि घरी गेलो असतो. त्याने तसं काही सांगितलं नाही. त्याने मला गर्दीत जागा दिली, तिथे रमू दिलं आणि मग दगड मारला.

माझं म्हणणं एवढंच आहे की तो दगड लागायला आधी हसावं लागतं. ज्याने आधीची वीस मिनिटं पाहिलेली नाहीत त्याला तो लागत नाही. त्याला तो फक्त दिसतो.

०

सिनेमा विचार करतो का, या प्रश्नावर तत्त्वज्ञानात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ जिल दलझने १९८३ आणि १९८५ साली सिनेमावर दोन जाडजूड पुस्तकं लिहिली. त्याचं ढोबळ म्हणणं असं की तत्त्वज्ञ संकल्पनांमधून विचार करतात, तर दिग्दर्शक प्रतिमांमधून. हे वाचायला छान वाटतं, पण प्रतिमांमधून विचार करणं म्हणजे काय ते कळायला मला पॅरिसपेक्षा नाशिकचा माणूस जास्त उपयोगी पडला.

दादासाहेब फाळके. १९१०च्या सुमारास त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की तो पाहताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण दिसत होते. म्हणजे पडद्यावर एक आणि डोक्यात दुसरंच. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याआधी १९१२ मध्ये, पैसे उभे करण्यासाठी, फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणे पेरले आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभर रोपाची वाढ टिपली. पडद्यावर बघणाऱ्यांना दिसलं की मातीतून अंकुर येतो, वळतो, पसरतो, वेल होते, आणि हे सगळं अवघ्या एक-दोन मिनिटांत.

वाटाणा वाढतो हे प्रत्येकाला माहीत होतं. पण ‘वाढणं’ कुणी पाहिलेलं नव्हतं. आपण अंकुर पाहतो, नंतर रोप पाहतो, मधलं अनुमान करतो. फाळक्यांनी त्या अनुमानाच्या जागी डोळ्याला दिसणारी गोष्ट ठेवली. त्यात एकही शब्द नव्हता, बोध नव्हता. फक्त काळाची मांडणी बदललेली होती आणि तेवढ्याने एक नवा विचार शक्य झाला.

सिनेमाचा विचार हा असा असतो. काय दाखवलं यापेक्षा कशाच्या नंतर दाखवलं, किती वेळ दाखवलं आणि कुठे उभं करून दाखवलं, यात तो असतो.

‘कशाच्या नंतर’ याचा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोवने केला. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्याने आलटून पालटून सुपाची वाटी, शवपेटीतलं मूल आणि एक स्त्री यांच्या शेजारी जोडला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी वासना. त्यावरून आयझेनस्टाइनने पुढचं पाऊल टाकलं: दोन दृश्यांची टक्कर झाली की दोन्हींत नसलेला तिसरा अर्थ प्रेक्षकाच्या डोक्यात तयार होतो. टांगलेलं डुक्कर आणि मागे सावित्रीबाईंचं चित्र. ‘फँड्री’त ही टक्कर एकाच चौकटीत होते. कुणी काही बोलत नाही. अर्थ आपल्याला करावा लागतो आणि आपण केला म्हणून तो आपला होतो, नाकारता येत नाही.

‘किती वेळ’ हा मुद्दा फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँचा. त्याला या टकरींची थोडी भीती वाटायची. सतत कापाकापी करणारा दिग्दर्शक प्रेक्षकाची मान धरून त्याला हवं तिकडे बघायला लावतो, असं त्याला वाटायचं. त्यापेक्षा शॉट लांब ठेवा, चौकट मोठी ठेवा, कुठे बघायचं ते बघणाऱ्याला ठरवू द्या. त्या स्वातंत्र्यातूनच तो विचार करायला लागेल.

हे पुस्तकात वाचलं तेव्हा मला पटलं नव्हतं. लांब शॉट म्हणजे कंटाळा, एवढंच माझं मत होतं. ते बदललं ‘कोर्ट’मुळे.

०

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथे पुरस्कार मिळाले, पुढे राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. आपल्याकडे २०१५ च्या एप्रिलमध्ये लागला. मी तो बऱ्याच नंतर, हॉस्टेलवर लॅपटॉपवर पाहिला आणि पहिल्यांदा अर्ध्यात बंद केला.

नारायण कांबळे हा वयस्क शाहीर. गटारात उतरून काम करणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू होतो आणि कांबळेच्या गाण्यामुळेच त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून शाहिराला अटक होते. ही भूमिका केली होती नागपूरचे वीरा साथीदार यांनी. ते स्वतः आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक होते. २०२१ मध्ये कोविडने त्यांचं निधन झालं.

या कथेवर एक खणखणीत कोर्टरूम ड्रामा झाला असता. टेबलावर आपटलेला हात, तारखांवर फुटलेला संताप, शेवटी वकिलाचं दहा मिनिटांचं भाषण. ताम्हाणे यातलं काहीच करत नाही. कॅमेरा कोर्टाच्या खोलीत एका जागी ठेवतो आणि हलवत नाही. आपण मागच्या बाकावर बसल्यासारखे. पुढे कुणाचं तरी प्रकरण चालू, कुणीतरी ये-जा करतंय, कागद सरकतायत. एका बाईंचं प्रकरण न्यायाधीश ऐकून घेत नाहीत, कारण त्यांचा टॉप बिनबाह्यांचा आहे. पुढची तारीख. पुढचं प्रकरण. हे इतक्या सपाटपणे घडतं की त्यावर चिडायलाही वेळ मिळत नाही, कारण पुढचा पुकारा झालेला असतो.

पहिल्यांदा बघताना मी नेमका इथेच कंटाळून बंद केला होता. दुसऱ्यांदा बघताना कळलं की तो कंटाळा हाच या सिनेमाचा युक्तिवाद आहे. अन्याय करायला खलनायक लागतो, अशी समजूत हजार सिनेमांनी माझ्या डोक्यात पक्की केली होती. ‘कोर्ट’मध्ये खलनायक नाही. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) कोर्ट सुटल्यावर लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, सुट्टीच्या दिवशी घरच्यांसोबत नाटकाला जाते. तिथे परप्रांतीयांवरच्या विनोदांना सगळं नाट्यगृह हसतं. ती आपल्या मावशीसारखी, शेजारच्या काकूंसारखी आहे. तिला भाजी करताना पाहिल्यावर तिचा राग करणं अवघड जातं. मग प्रश्न उरतो: राग करायचा कुणाचा? दोन तास सिनेमा हा प्रश्न आपल्या हातात ठेवून देतो आणि काढून घेत नाही.

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. खोली रिकामी होते, दिवे एकेक करून विझतात, अंधार होतो. आणि तो अंधार तसाच राहतो. वाटतं संपला सिनेमा. तो संपत नाही. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, बाकावर बसून डुलक्या काढतायत. मुलं ओरडून त्यांना दचकवतात, ते एका मुलाला थप्पड मारतात आणि पुन्हा डुलकी काढतात. कामावरचा आणि सुट्टीवरचा माणूस एकच आहे. शाहीर मात्र आत.

त्या अंधारात मी काय करत होतो? लॅपटॉप हँग झाला की काय ते बघत होतो. मग स्वतःचा चेहरा स्क्रीनवर दिसला, काळ्या काचेत दिसतो तसा. हे दिग्दर्शकाने ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण त्या क्षणी, इतका वेळ मागच्या बाकावर बसून सगळं बघितलेला माणूस मीच होतो, एवढं तरी मला कळलं.

०

आता यावर जो आक्षेप येऊ शकतो तो मीच घेतो. अशा जागा देऊन काही होतं का? ‘सैराट’ घ्या. २९ एप्रिल २०१६ ला आला. शंभर कोटींच्या वर कमाई करणारा मराठी सिनेमा. परश्या आणि आर्चीची जवळपास तीन तासांची गोष्ट. पहिला भाग हिंदी सिनेमाच्या भाषेत: स्लो मोशन, वाद्यवृंद, विहीर, ट्रॅक्टर. पळून हैदराबादला गेल्यावर गाणी मागे राहतात. झोपडपट्टी, डोसे, भांडणं, संशय, हळूहळू उभा राहणारा संसार. आणि शेवटी तो प्रसंग: माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो, शेजारीण लहान मुलाला बाहेर घेऊन गेलेली असते. मूल परत येतं, आत जातं, रडत बाहेर येतं. त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात. आवाज नाही. तीन तास ज्या सिनेमाने कानात संगीत ओतलं तो इथे पूर्ण गप्प होतो.

आमच्याकडे थिएटरमध्ये लोक पडद्यासमोर जाऊन झिंगाटवर नाचले. त्यानंतरच्या प्रत्येक लग्नसराईत झिंगाट वाजलं. ज्या वरातींत मी नाचलो त्या सगळ्या जातीतल्या जातीत ठरलेल्या लग्नांच्या होत्या. प्रेमविवाहाच्या एका सिनेमाचं गाणं, तेही खून होऊन संपणाऱ्या. कुणाला त्यात विसंगती वाटली नाही. मला तरी कुठे वाटली? मग सिनेमाने विचार घडवला तो कुठे?

याचं उत्तर मला एका तुलनेत सापडलं. आम्ही प्रोग्रॅमर लोक एखाद्या बदलाचा परिणाम बघायचा असेल तर दोन आवृत्त्या शेजारी ठेवतो: बाकी सगळं सारखं, एकच गोष्ट वेगळी. ‘सैराट’ची अशी दुसरी आवृत्ती आयती तयार आहे. २०१८ चा हिंदी ‘धडक’. तीच कथा, तीच चाल, तेच झिंगाट. बदल बरेच आहेत, जात बरीच पुसट झाली आहे. पण शेवटाकडे बघा. ‘धडक’मध्ये नायिका वाचते. नवरा आणि मूल मारले जातात आणि ते पाहायला ती उभी असते.

म्हणजे ‘धडक’मध्ये रडायला आपल्याऐवजी कुणीतरी आहे. आपलं दुःख तिच्या चेहऱ्यावर जाऊन टेकतं, ती आपल्या वाटचं सोसते, आपण डोळे पुसून बाहेर पडतो. ‘सैराट’मध्ये उरतं ते एक मूल, ज्याला काय झालंय हे कळतही नाही. कळणारे फक्त आपण. जे पाहिलं ते ठेवायला दुसरी जागा नाही, म्हणून ते आपल्याजवळ राहतं. कथा एकच असूनही हे दोन वेगळे विचार आहेत, आणि फरक पडला तो शेवटी कुणाला जिवंत ठेवलं आणि आवाज कधी बंद केला, यातून.

तेव्हा सिनेमा माणूस बदलतो असा माझा दावा नाही. तो एक जागा देतो. तिथे उभं राहिल्यावर जे दिसतं ते नंतर विसरता येतं, पण पाहिलंच नव्हतं असं म्हणता येत नाही. झिंगाटवर नाचताना मलाही शेवट आठवत नसतो. पण पुढे कधी घरात लग्नाच्या गप्पांत कुणी सहज म्हणतं, ‘बाकी काही चालेल, पण...’ तेव्हा ती पावलं आठवतात. मी तोंड उघडतो की नाही, हा माझा प्रश्न. सिनेमाचं काम झालेलं असतं.

०

आता परत त्या क्लिपकडे. मी ज्या कंपनीत काम करतो तिथे एक आलेख रोज बघावा लागतो. व्हिडिओच्या कितव्या सेकंदाला किती लोक सोडून गेले, याचा. रेष जिथे खाली पडते ती जागा दोष समजली जाते. ती जागा कापायची किंवा तिथे काहीतरी हालचाल टाकायची. मी हे मन लावून करतो, पगार त्याचाच आहे.

या आलेखावर ‘कोर्ट’मधला अंधार ठेवून पाहा. रेष सरळ खड्ड्यात जाईल. ‘सैराट’चा मुका शेवट, हैदराबादचा संथ तास, ‘फँड्री’तली वीस मिनिटांची दमछाक, सगळे दोष. जे उरेल ते वीस सेकंदांचं असेल: दगड, ढोल, आग. आणि वीस सेकंदांत कुणी गर्दीत उभं राहत नाही. कुणी हसत नाही. आपण थेट जब्याच्या खांद्याला खांदा लावून दगड फेकायला हजर. ज्याच्यावर आरोप व्हायचा तो फुकटात फिर्यादी होतो.

एवढं सगळं सुचल्यावर मी खूश झालो. मित्राला मेसेज टाकला: “भाऊ, एवढंच तोडून टाकलं की अर्थच बदलतो. तो दगड आपल्याला लागायला पाहिजे. इथं तर आपणच मारतोय असं वाटतं.”

दोन तासांनी उत्तर आलं: “आपल्याला म्हंजे कुणाला?”

मग दुसरं: “मला तो कधीच लागला नाही रे. मी तेव्हापण त्याच्याच बाजूला होतो. तुम्ही हसत होते तेव्हापण.”

इथे मला तो दिवस नीट आठवला. आम्ही चौघं गेलो होतो, त्यांतले तिघं हसलो होतो. शाळेत हजेरी घेताना त्याचं आडनाव आलं की मागच्या बाकावर कुणीतरी खाकरायचं. मीही एक-दोनदा खाकरलो असेन. थिएटरमध्ये तो माझ्या उजव्या हाताला होता आणि पूर्ण सिनेमाभर त्याने एक शब्द काढला नव्हता. मला वाटलं होतं त्याला बोअर होतंय.

लॉरा मल्व्ही या अभ्यासिकेने १९७५ मध्ये दाखवून दिलं की हॉलिवूडचा कॅमेरा पुरुषाच्या नजरेने बघतो आणि बाईने तो सिनेमा बघायचा तर तिला ती नजर उसनी घ्यावी लागते. हे मी वाचलं होतं, मला पटलंही होतं, कारण ते दुसऱ्यांबद्दल होतं. सिनेमा ‘प्रेक्षकाला’ गर्दीत उभं करतो, असं लिहिताना मी सगळ्या थिएटरला माझ्या खुर्चीत बसवलं होतं. मित्राला ‘फँड्री’ने गर्दीत कधी उभं केलंच नाही. त्याला राष्ट्रगीताच्या वेळी ताठ उभ्या राहिलेल्या पोराची मान दुखताना जाणवली असेल. त्याच्यासाठी शेवटचा दगड हा धक्का नव्हता. खूप वेळ वाट पाहून मिळालेली एक गोष्ट होती. ती त्याने कापून, ढोल लावून, स्टेटसला ठेवली तर त्याने सिनेमाची मोडतोड केली असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आधीची वीस मिनिटं त्याला पडद्यावर बघायची गरज नव्हती.

माझी मांडणी चुकीची ठरते असं मला अजूनही वाटत नाही. दगड लागायला आधी हसावं लागतं, हे खरं आहे. पण ते हसणाऱ्यांपुरतं खरं आहे. ‘फँड्री’ एकाच अंधारात दोन वेगवेगळ्या प्रेक्षकांशी दोन वेगवेगळ्या गोष्टी बोलत होता. एकाला तो सांगत होता, बघ तू कुठे उभा आहेस. दुसऱ्याला सांगत होता, तू कुठे उभा आहेस ते मला माहीत आहे. आणि ती क्लिप खोटी ठरते ती माझ्या फोनवर, त्याच्या नाही. माझ्यासारख्याने ती बघून स्वतःला जब्या समजणं ही फसवणूक आहे. त्याने तसं समजायला मला विचारायची गरज नाही.

या लेखात मी ‘आपण’ हा शब्द बऱ्याच वेळा वापरला आहे. आता मागे जाऊन ते बदलता आले असते. तसेच ठेवलेत. वाचताना जिथे तो तुम्हाला बसला नसेल तिथे तुमची खुर्ची वेगळी होती असं समजा, आणि जिथे अगदी फिट्ट बसला असेल तिथे जरा थांबा.

त्या रात्री मी बराच वेळ काय उत्तर द्यावं ते टाईप करत, खोडत बसलो होतो. शेवटी एवढंच पाठवलं: “मी हसलो होतो.”

त्याचं उत्तर लगेच आलं. “माहितीये. शेजारीच होतो ना.”

पुढच्या सुट्टीत जालन्याला गेलो की पूर्ण सिनेमा परत बघायचं ठरलंय. त्याच्या घरी.